पूजेआधीची चाचणी

सीडी रायटर हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. यंत्राचा त्यात काही दोष नाही. यंत्र चांगलं होतं, आणि ते चांगलं आहे हे सगळ्यांत आधी तपासून मीच सांगितलं होतं. तिथंच घोडं पेंड खात होतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात, औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. अर्ध्या जागेत क्लास, उरलेल्या अर्ध्यात विक्री आणि दुरुस्ती. मालक स्वतः क्लासला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणायचे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून त्यांच्याकडे लागलो होतो आणि लासुर्ण्याहून रोज एसटीनं जाऊन-येऊन करत होतो. दुकानातला पैसा मात्र सरांच्या चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा. तात्या वडगाव निंबाळकरचे बागायतदार. बाजाराच्या दिवशी ते दुकानात आले की सरांच्या फिरत्या खुर्चीत बसत आणि सर मुकाट्यानं स्टूल ओढून घेत. शिवाय सरांचा भाचा होता, कॉलेज अर्धवट सोडलेला. माणूस सरळ, पण कामात लक्ष कमी.

त्या वर्षी सरांनी सीडी रायटर घ्यायचं ठरवलं. डीव्हीडी वगैरे आम्ही फक्त मासिकांत वाचलं होतं. तालुक्यात सीडी लिहिणारं यंत्रही मी तोवर पाहिलं नव्हतं. पणदऱ्याच्या बाजूच्या एका दूध संस्थेचा हिशेब आम्ही कॉम्प्युटरवर घेतला होता. तो फ्लॉप्यांवर ठेवलेला असायचा आणि फ्लॉप्या महिन्याभरात माना टाकायच्या. तो सगळा सीडीवर उतरवून द्यायचं काम ठरलं होतं. सरांनी मला शब्द दिला होता, की रायटर नीट चालला आणि हे काम नीट पार पडलं, की इंदापूरला दुसरं दुकान टाकायचं आणि ते मी सांभाळायचं. माझे वडील झेडपीच्या शाळेत मास्तर होते, बोलण्यात मोजके. पण या बातमीनंतर ते लासुर्ण्याच्या स्टँडवर ओळखीच्या माणसाला थांबवून सांगू लागले, की पोरगा इंदापूरला दुकान चालवणार आहे. मला संकोच वाटायचा. खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

रायटर पुण्याहून आला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. मी तो तिथल्या तिथं कॉम्प्युटरमध्ये बसवला आणि चाचणी सुरू केली. नवं यंत्र तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या कामाला लावायचं नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आधी नुसती लटकी टेस्ट घेतली. त्यात यंत्र लिहिण्याचं फक्त सोंग करतं, सीडी कोरीच राहते. मग खरी सीडी लिहिली. त्या यंत्राचं सोवळं कडक असे. लिहिणं चालू असताना माउसला हात लावायचा नाही, दुसरा प्रोग्राम उघडायचा नाही, आणि लाइट गेली की सीडी बाद. भाच्याला मी जिन्यातही जोरात चालू दिलं नाही. सीडी पूर्ण झाली. लिहिलेली फाइल मूळ फाइलशी ताडून पाहिली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिली. कुठंही खोट नव्हती. सर इतके खूश झाले, की खालून सगळ्यांसाठी भेळ मागवली.

दुसऱ्या दिवशी दुकानात हत्यारांची पूजा होती. तात्या सोवळ्यासारखं शुभ्र धोतर नेसून आले. झेंडूच्या माळा मी आणि भाच्यानं मिळून बांधल्या. पूजा मांडल्यावर सर माझ्याजवळ आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, की तुमच्यात हे चालत नाही ना, मग तू जरा बाहेर थांब. चालत नाही हे खरंच होतं. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात नारळ फुटला तो खोबऱ्यासाठीच. पण आपण आत न जाणं आणि आपल्याला आत न घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली कुठली चालली आहे हे अंगाला कळतं. मी जिन्याच्या कठड्याला टेकून आरती ऐकली. नंतर पेढा खाल्ला. पेढा चांगला होता.

दसऱ्याला सुट्टी होती. आमचा तो धम्मचक्राचा दिवस, मी घरच्यांबरोबर विहारात होतो. कामावर परतून दूध संस्थेची पहिली सीडी लावली, तर ती मध्येच थांबली. दुसरी लावली, तीही थांबली. लिहायला सुरुवात व्हायची, जरा पुढं जायचं आणि चूक दाखवून यंत्र ट्रे बाहेर फेकायचं. कोऱ्या सीड्या तेव्हा जिवापाड जपायची चीज होती आणि मी त्या एकामागून एक नासवत होतो. बाद सीड्या तात्या घेऊन गेले आणि पाखरं हाकायला ज्वारीत टांगल्या. तेवढाच त्या रायटरचा शेतीला उपयोग झाला.

मी रीतसर एकेक शंका काढत गेलो. सीडीची कंपनी बदलली. वायर बदलली. वेग निम्म्यावर आणला, तर लिहिणं थोडं जास्त पुढं गेलं आणि मग थांबलं. रायटर काढून क्लासमधल्या कॉम्प्युटरला लावला, तिथंही तेच. शेवटी पूजेच्या आदल्या दिवशी मीच लिहिलेली, सगळीकडे चालणारी ती सीडी त्यात घातली. स्वतःच लिहिलेलं ते यंत्राला वाचता येईना. मग दोष सीडीत नाही, कॉम्प्युटरात नाही, यंत्राच्या आतच काहीतरी झालंय, एवढं पक्कं झालं.

तात्यांचा तपास माझ्याआधी संपला होता. बाजारच्या दिवशी, दूध संस्थेचे सेक्रेटरी समोर बसलेले असताना, ते फिरत्या खुर्चीतून म्हणाले, "पूजेआधीच हात लागला मशिनीला. कुणाकुणाचे हात लागले कुणाला ठावं. मग कशी चालंल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कुणाचं नाव घेतलं नाही, तो शब्दही उच्चारला नाही. गरजच नव्हती, खोलीतल्या सगळ्यांना तो ऐकू आला. सेक्रेटरींनी बशीतला चहा संपवला. सरांनी पावतीपुस्तक पुढं ओढलं. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. एमएससीबीच्या लाइटवर चालणारं जपानी बनावटीचं ते यंत्र, त्याला माझं गोत्र कुणी कळवलं होतं? तेव्हा हे बोलायला हवं होतं असं नंतर कैकदा वाटलं. पण तशा वेळी माणसाला शब्द सुचत नाहीत, घरी जाताना एसटीत सुचतात.

रविवारी दुकान बंद होतं. मी सरांना बोलावून घेतलं आणि म्हटलं, तुमच्यासमोर यंत्र खोलतो. स्क्रू काढले, वरचा पत्रा उचलला. आत ट्रेच्या खाली तांदळाचे दोन दाणे होते. मधल्या भिंगावर आणि आजूबाजूला लाल पूड बसली होती. पूजेच्या वेळी ट्रे बाहेर काढून त्यावर हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या आणि ट्रे वरवर पुसून आत ढकलला होता. मग सीडी गरगर फिरली आणि त्या वाऱ्यानं उरलेलं कुंकू उडून थेट भिंगावर जाऊन बसलं. खालच्या औषधाच्या दुकानदाराला घरून बोलावून स्पिरिट घेतलं, काडीला कापूस गुंडाळला आणि भिंगावरून हलकेच फिरवला. कापूस लाल झाला. तो मी सरांच्या हातात दिला.

सरांनी तो कापूस खिडकीच्या उजेडात धरून उलटासुलटा पाहिला. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि चोरच आता समोर कापसावर होता. मी त्याच जागी, त्यांच्या समोर, सीडी लिहून दाखवली. पूर्ण झाली. ताडून पाहिली, खोट नव्हती.

सर म्हणाले, "तात्यांना सांगू नको. त्यांनीच वाहिलं हुतं कुंकू. म्हातारं माणूस हाय, वाईट वाटंल."

मला वाईट वाटलं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही मान हलवली. इंदापूर माझ्या डोळ्यांपुढं होतं.

सोमवारी तात्या नारळ घेऊन आले. त्यांनी तो दुकानाच्या उंबऱ्यावर फोडला, यंत्रावरून उतरवून लिंबू टाकलं, आणि सीडी चालली म्हणून सगळ्यांना खोबरं वाटलं. पुढं आठवडाभर आल्या-गेल्याला नारळाचा गुण सांगत होते. सर हो हो म्हणत होते. ते कमी होतं म्हणून की काय, सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की थोडे दिवस तू यंत्राला हात लावू नको, तात्यांचं समाधान होऊ दे. मग दूध संस्थेचं काम असं झालं: मी टेबलाच्या पलीकडे खुर्ची टाकून बसायचो आणि भाचा यंत्रापुढं. मी सांगायचो, आता ट्रे उघड, आता ही फाइल उचल, आता वेग कमी कर, आता हात काढ. तो तसं करायचा. वाचवलं ते काम माझ्या डोक्यानं, पण यंत्राला शिवले ते हात त्याचे. बिचारा भाचा लाजायचा, अधूनमधून म्हणायचा, "तुमीच बसा की, कोण बघतंय?" मी बसलो नाही. इतकं झाल्यावर चोरून बसायची मला भूक नव्हती.

काम फत्ते झालं. सेक्रेटरींनी सरांची पाठ थोपटली. दिवाळी झाली आणि एक दिवस सर भिंतीकडे बघत म्हणाले, की इंदापूरला भाच्याला बसवायचं तात्यांच्या मनात आहे. तू इथंच राहा, तुझ्यावाचून बारामतीचं चालायचं नाही. असं गोड बोलून गळा कापायची कला सरांकडे होती. मी घरी काही सांगितलं नाही. सांगायचं कसं, हेच कळत नव्हतं.

इंदापूरच्या दुकानासाठी दुसरा रायटर घेतला होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "तू दुपारचा ये. पूजा आटपल्यावर. मशीन तेवढी टेस्ट करून दे, ह्याला जमायचं न्हाय."

कापूस हातात घेऊन बसलेला माणूस मला हे सांगत होता.

सकाळी मी निघायची तयारी करत होतो, तर वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओट्यावर बसलेले. म्हणाले, मीही येतो, पोराचं दुकान बघतो. तेव्हा सांगावं लागलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कुंकवापासून खुर्चीपर्यंत. ते आत गेले, शर्ट काढून त्याची नीट घडी घातली आणि तो पेटीत ठेवला. त्यांच्या त्या घडी घालण्यानं माझं काळीज जितकं फाटलं, तितकं तात्यांच्या बोलण्यानंही फाटलं नव्हतं.

तरी मी इंदापूरला गेलो. नोकरी होती, सांगितलेलं काम होतं. दुकानाला तोरण होतं, जिन्यात गुलालाचे ठसे होते, मंडळी जेवायला गेली होती. भाचा एकटा बसला होता. कॉम्प्युटरच्या डोक्यावर कुंकवाची बोटं, अक्षता, झेंडूचं फूल, सगळं व्यवस्थित. मी टेस्टसाठी खाली वाकलो आणि ट्रे उघडायला गेलो, तर उघडेना. बघतो तर ट्रेच्या फटीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटपट्टी लावलेली. नखानं धरून ती काढली. आत लख्ख होतं, कुंकवाचा कणही नव्हता.

मी भाच्याला विचारलं, ही पट्टी कुणी लावली.

"तात्यांनी," तो सरळपणानं म्हणाला. "पूजेआधी सोताच्या हातानं लावली. म्हणाले, बारामतीला कुंकू आत गेलं हुतं, तसं हितं व्हायला नगं."

म्हणजे तात्यांना माहीत होतं. सरांनी सांगितलं असेल, नाहीतर त्यांनी ओळखलं असेल. उंबऱ्यावर नारळ फोडताना माहीत होतं की नाही देव जाणे, पण इंदापूरला पूजा आटपेपर्यंत मला लांब ठेवलं तेव्हा नक्कीच माहीत होतं. मी शोधलेला दोष त्यांनी मानला होता, त्यावर उपायही केला होता, आणि तरी मला दुपारचं बोलावलं होतं. अज्ञान असतं तर मी एखादे वेळी माफ केलं असतं.

मी ती पट्टी पुन्हा ट्रेवर चिकटवली, होती तशी. भाच्याला म्हटलं, "मशीन तपासायची ऱ्हायलीय म्हणून तात्यांना सांग. आता त्यांनीच तपासावी."

तो उठून जिन्यापर्यंत मागं आला, थांबा म्हणाला. मी लासुर्ण्याची गाडी पकडली. घरी वडिलांनी विचारलं, झाली का टेस्ट. मी म्हटलं, झाली.