माझी सायकल निवडणारे काका

"थांब. मी ऐकूलों."

कोणतीही सायकल समोर आली की काका हेच म्हणायचे. मागचं चाक वीतभर उचलायचे, पेडलला एक झटका देऊन चाक मोकळं सोडायचे आणि डोळे मिटून कान तिरपा करायचे. 'ऐकूलों' म्हणजे 'ऐकतो आहे'. त्यांची ती तंजावरी मराठी मला, नाशिकच्या मुलीला, सुरुवातीला गमतीची वाटायची. चाक आपोआप थांबेपर्यंत ते बोलत नसत, आणि दुसऱ्या कुणी बोललेलंही त्यांना खपत नसे.

मी चेन्नईजवळच्या आवडी गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. नोकरी अंबत्तूरला, संगणकासमोर बसून. काका तिथल्याच एका कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नाच्या पंगतीत बसली तरी आधी टेबलाचा पाय डुगडुगतो का ते बघतात. काकू सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा यांनी माझ्याकडे नंतर पाहिलं. आधी आमच्या झोपाळ्याच्या कड्या तपासल्या."

बसून बसून माझी पाठ धरली होती. ऑफिसातली काही मंडळी रविवारी समुद्राकाठच्या रस्त्याने महाबलीपुरमपर्यंत सायकलने जायची. मलाही त्यांच्यात जायचं होतं. कार्बनची महागडी सायकल परवडणार नव्हती आणि अगदी स्वस्तातली घेऊन वर्षभरात पस्तावायचं नव्हतं. अशी मधल्या बजेटची रोड बाइक हवी, असं मी जिन्यात सहज बोलून गेले. काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"एकटी जाऊ नको. दुकानदार रंग विकतात," ते म्हणाले.

त्यानंतरचे तीन रविवार आम्ही लोकलने शहरात जाऊन दुकानं पालथी घातली. रोड बाइकचं खाली वळलेलं हँडल त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिलं आणि त्याला मेंढ्याची शिंगं असं नाव ठेवलं. एका विक्रेत्याने बावीस गिअर असल्याचं कौतुकाने सांगितलं, तर काकांनी त्याला तमिळमध्ये शांतपणे विचारलं की चेन्नईत हिला चढायला डोंगर कुठला दाखवणार. मला हसू आलं. पण ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवणं, इथल्या खाऱ्या हवेत कुठला स्क्रू आधी गंजेल ते बोटाने दाखवणं, हे चालू झालं की विक्रेते आपणहून त्यांना खुर्ची देत.

टी. नगरजवळच्या दुकानात मला निळी सायकल भेटली. भेटली असंच म्हणते, कारण पाहताक्षणी ती माझी झाली होती. सवलतीत होती, शेवटचाच नग होता, फक्त एक माप मोठी होती. विक्रेता म्हणाला, सीट खाली करून देतो.

"सीट खाली येईल," काका म्हणाले. "हिचे हात लांब होतील का?"

मी हट्टाने बसून दाखवलं. हँडल धरायला मला पार पुढे झुकावं लागत होतं, हे मला कळत होतं, आणि म्हणूनच मी जास्त चिडले. निघताना काका डावीकडच्या स्टँडवर आदळले. तीन सायकली पडल्या. दुकानाची मांडणीच चुकीची आहे, असं ते पुटपुटले. परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही.

पुढच्या रविवारी सापडली ती करड्या रंगाची होती. ॲल्युमिनियमची, माझ्या मापाची, आपल्या खड्ड्यांना पुरतील असे जरा रुंद टायर. काकांनी चाक चार वेळा फिरवलं.

"दिसायला साधी आहे," ते म्हणाले, "पण खोटं बोलत नाही. घे."

मी घेतली. महिन्याभरात मी तिच्यावरून चाळीस किलोमीटर जाऊन पाठ न दुखता परत आले. निळीवर ते जमलं नसतं, हे काकांना सांगायला मात्र मला आणखी एक महिना लागला.

काका स्वतः रोज पहाटे आपली जुनी काळी सायकल घेऊन तलावाकडे फेरी मारायचे. एका सकाळी मी त्याच रस्त्याने गेले, तर ते सायकल हातात धरून चालत होते. पंक्चर झाली असेल म्हणून मी उतरले. चाकांत हवा होती.

त्यांनी सायकल कडेला घेतली. मग म्हणाले, "बाजूचं दिसत नाही मला. काचबिंदू. वर्ष झालं." घरापासून कोपऱ्यापर्यंत सायकल हातात धरून जायची, तलावाशी एका बाकावर बसायचं आणि तशीच परत आणायची, हा त्यांचा वर्षभराचा क्रम होता. काकूंना ठाऊक नव्हतं. डॉक्टरकडेही ते एकटेच जात.

मला दुकानात पडलेल्या त्या तीन सायकली आठवल्या आणि माझा अबोलाही आठवला.

मी म्हटलं, "काकूंना मी सांगणार नाही. पण तुम्ही सांगा."

"सांगतो," ते म्हणाले. "आधी एकदा चालवू दे. तू पुढे राहा."

तलावाकाठचा रस्ता रिकामा होता. मी पिवळा टीशर्ट घातला होता, तो त्यांना समोर नीट दिसत होता. मी हळूहळू पुढे निघाले. खड्डा आला की मी ओरडायचे, "पळ्ळम्, काका, उजवीकडून." मागून त्यांच्या साखळीचा आवाज यायचा आणि तो येतो आहे तोवर माझा जीव जागेवर राहायचा. शेवटी त्यांनी घंटी वाजवली. मी वळून पाहिलं तर ते मला बाजूला हो म्हणत होते. त्यांना पुढे जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही.

जेमतेम चार किलोमीटर झाले असतील. त्याच दुपारी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत, मग औषधाच्या बाटल्या त्यांनी आपल्या ताब्यात घेतल्या. पुढच्या वर्षी दोघं मुलाकडे तंजावरला राहायला गेले. काका गेल्याचं मला तिथून फोनवर कळलं. हृदय थकलं होतं, तीन आठवडे दवाखान्यात होते.

तेरावा झाल्यावर काकूंनी पुन्हा फोन केला. म्हणाल्या, दवाखान्यातल्या नर्सला ते रोज तुम्हा दोघांच्या त्या फेरीची गोष्ट सांगायचे. पहिल्या दिवशी गोष्टीत तलावाला वळसा घातला होता. मग महाबलीपुरमपर्यंत गेले. शेवटच्या आठवड्यात तर पाँडिचेरी गाठली.

"खरं सांग," काकूंनी विचारलं, "कुठवर गेला होतात?"

मी म्हटलं, "पाँडिचेरीपर्यंत, काकू."



"एवढ्या उन्हाचं," त्या म्हणाल्या, "पाणी तरी नेलं होतंत का?"