हे का, इथीच हाये

“अजून किती दूर?” असं विचारलं की भाऊ हनुवटीनंच पुढचा डोंगर दाखवायचे आणि म्हणायचे, “हे का, इथीच हाये.” तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. आमच्या भाऊंचं ‘इथीच’ मात्र दोन डोंगर, एक नाला आणि पायाला आलेले फोड एवढं लांब असायचं.

आम्ही दोघं वनरक्षक. भामरागडकडच्या डोंगरांत पायी गस्त असायची, तांदूळ-डाळ पाठीवर घेऊन, मुक्काम करत करत. नवी पोरं रडकुंडीला येऊन भाऊंच्या नावानं बोटं मोडायची. पण त्या थापेवरच सगळे चालायचे, मीसुद्धा.

वरच्या पठारावर एका दगडावरच मोबाइलला रेंज यायची. त्याला आम्ही टॉवर म्हणायचो. संध्याकाळी पोटात काही जायच्या आधी भाऊ टॉवरवर. घरी, मूल गावाला, त्यांची मुलगी होती, सिकलसेलच्या आजाराची. दुखणं उठलं की तिची हाडंन् हाडं ठणकायची. मग भाऊ फोनवर अस्वलाचा आवाज काढायचे आणि ती हसायची. एवढा थोराड माणूस दगडावर उभा राहून अस्वल होताना बघून आम्ही खाली तोंडात रुमाल कोंबायचो.

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी अस्वल झालंच नाही. मुलीला श्वास लागतोय, दवाखान्यात आणलंय, असं त्यांची बायको सांगत होती. भाऊ फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं. मग तिनं फोन पोरीजवळ धरला.

“बेटा, मी इथीच हाव. आलोच.”

“कुठी, बाबा?” पोरीनं विचारलं आणि रेंज गेली.

भाऊ तसेच निघाले. आम्ही त्यांना धरून ठेवलं. दिवस बुडाला होता, कड्याची वाट पावसानं निसरडी झालेली, जाऊ देणार कसं? ते हात झटकत राहिले, मग चिखलातच बसले.

उजाडताच आम्ही सगळेच उतरायला लागलो. सडक गाठायला वाटेत एक मुक्काम पडणारच होता. त्या वाटेचा दगड न् दगड भाऊंना ठाऊक. तरी ते मध्येच थांबले आणि वळून मला म्हणाले, “किती राह्यलं रे?”

मी हनुवटीनं पुढचा डोंगर दाखवला. “हे का, इथीच हाये, भाऊ.”

त्यांनी मान डोलावली आणि ते चालायला लागले.

आम्ही सडकेला लागायच्या आधीच पोरगी गेली. भाऊंनी मूलकडे बदली मागून घेतली. आता गस्तीवर नवी पोरं मला विचारतात, किती दूर. मी खरं काय ते सांगतो. त्यांचे चेहरे पडतात, पण दुसरं काही माझ्या तोंडून निघत नाही.