ताईचा अर्ज

छापखान्यात त्याला सगळे ‘डिक्शनरी’ म्हणत. मुद्रितं तपासणं हे त्याचं काम, पण जीव इंग्रजी शब्दांवर. एकाच अर्थाचे चार शब्द सापडले की स्वारी खूश. एसोटेरिक म्हणजे मोजक्या जाणकारांपुरतं, आर्केन म्हणजे आतल्या गोटातलं गूढ, अब्स्ट्रूस म्हणजे डोक्यावरून जाणारं, रेकॉन्डाइट म्हणजे फारसं कुणाला ठाऊक नसलेलं. असे शब्द तो कार्डांवर लिहून चपलांच्या खोक्यात ठेवी आणि पाहुण्यांना दाखवून पिडत असे.

त्याची मोठी बहीण तीस वर्षं ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करत होती. तिथेच पुस्तकबांधणी शिकवण्याची जागा निघाली. अर्ज इंग्रजीत हवा होता. ताई म्हणाली, “साधं लिही रे, मला काय येतं तेवढंच.”

पण साधं लिहील तर तो डिक्शनरी कसला! तीन संध्याकाळी खपून त्याने चारही शब्द त्या अर्जात बसवले. सही करताना ताईने विचारलं, “यात काय लिहिलंयस?”

“तुझं कौतुकच आहे. तुला नाही कळायचं.”

मुलाखतीत नेमकं तेच विचारलं. “बाई, तुमचं ‘रेकॉन्डाइट’ ज्ञान म्हणजे नक्की काय?” तो शब्द ताई पहिल्यांदाच ऐकत होती. “अर्ज कुणी लिहिला?” या प्रश्नाला मात्र तिने लगेच उत्तर दिलं, “मीच.” भावाने एवढे कष्ट घेतले, त्याचं हसं कशाला करायचं, असं तिला वाटलं. समितीला वाटलं, बाई थापा मारतात. जागा दुसऱ्याच मुलीला मिळाली.

हे त्याला ग्रंथालयाच्या शिपायाकडून कळलं. ताईने घरी फक्त “नाही जमलं” एवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून त्याला तिच्याशी धड बोलता येईना. माफी मागायला तो दोनदा तिच्या दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा भाजीचे भाव बोलून परत आला. आपल्यासारखा करंटा भाऊ कुणाला नसेल, असं त्याला मनापासून वाटे.

एका रविवारी तो तिच्याकडे बसला असताना तीच मुलगी आली. हातात वाकलेल्या पुठ्ठ्याचं पुस्तक. “ताई, मी बांधलं की असंच होतं. कुणाला विचारावं कळेना.”

ताईने कागदाची पट्टी कापली आणि एका बाजूने ओल्या बोटाने पुसली. पट्टी आपोआप गुंडाळली गेली. “ही नळी ज्या दिशेने आरपार दिसते ना, त्या दिशेने कागदाचे धागे. पुठ्ठ्याचे आणि कागदाचे धागे एकाच दिशेला ठेव, मग नाही वाकणार. आडवेतिडवे लावले की दोघं भांडतात.”

मुलीला पटकन समजलं. त्यालाही समजलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. यातलं काहीच त्याने तिला तीन संध्याकाळींत विचारलं नव्हतं.

“तुलाही कळलं का रे?” ताईने सहज विचारलं.

“कळलं,” तो म्हणाला. मुलीकडे वळून तो म्हणाला, “त्या जागेसाठीचा तो अर्ज हिचा नव्हता. मी लिहिला होता. हिला वाचूनसुद्धा दाखवला नाही.”

ताईने त्याच्याकडे बघितलं, मग हातातलं पुस्तक त्याच्यासमोर सरकवलं.

“हे घट्ट धरून बस,” ती म्हणाली. “तिला पुठ्ठा सोडवायला शिकवते.”