फाउंड्रीचा भाव

आमच्या धंद्यात किस्से फायलींतून येतात. कंपनीचा ताळेबंद आणि नफातोट्याची पत्रकं वाचून तिची किंमत ठरवून द्यायची, हे आमचं काम. फाईल संपली की अहवाल कपाटात जातो आणि माणसं काय काय बोलली ते डोक्यात साचत राहतं. मच्छेच्या एका फाउंड्रीनं तर एकटीनंच इतकं साचवलं, की बाकीच्या फायली मागं पडल्या.

ऑफिस बेळगावात. माझा नवरा शेखर आणि मी मिळून चालवायचो. दोन वर्षांपूर्वी तो गेला. आता मी आणि आमचे जुने अकाउंटंट देसूरकर काका.

फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, दोघा भावंडांची. साठ टक्के शेअर अण्णांचे. कारखाना तेच चालवत. चाळीस टक्के धाकट्या बहिणीचे, पद्मक्कांचे. त्यांना निपाणीत तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या घरी दिलेलं. वडील गेल्यावर पद्मक्कांचा वाटा अण्णांनी विकत घ्यायचा ठरला, आणि भाव आम्ही काढायचा. पहिल्या दिवशी दोघं एकाच टेबलाला बसले, पण एकमेकांना काही सांगायचं झालं तरी मलाच सांगत होते. भाव चुकला तर राखीला कोण कुणाकडे जाणार नाही, एवढं कळलं.

*

दुसऱ्या दिवशी अण्णा एकटेच आले. कारखान्याची जमीन ताळेबंदात वडिलांच्या खरेदीच्या किमतीला होती. आज त्या पैशात मच्छेत कंपाउंडची भिंतही उभी राहिली नसती.

"वैनी, पुस्तकात हाय तेवढीच धरा."

काकांनी एक कागद पुढं सरकवला. कर्ज काढताना अण्णांनीच बँकेला दिलेला. त्यात तीच जमीन आजच्या बाजारभावानं होती, वर थोडी चढवूनच.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"त्यो भाव बँकेचा हाय काका. बहिणीचा न्हाय."

*

मग आम्ही कारखाना बघायला गेलो. मागच्या बाजूला एक खोली होती, पॅटर्नची. पॅटर्न म्हणजे लाकडाचे किंवा अॅल्युमिनियमचे नमुने. ते वाळूत दाबले की त्या आकारात लोखंड ओततात. वर्षानुवर्षं घसारा लागून पुस्तकात त्यांची किंमत शून्यावर आलेली. जुनं लाकूड आहे, जळणाच्या भावानंसुद्धा कोण घेणार नाही, असं अण्णांनी वाटेतच सांगून ठेवलं होतं.

खोलीच्या दारावर विडी ओढायला मनाई असल्याची पाटी होती. भट्टीजवळ तसली पाटी कुठं दिसली नाही. तिथल्या सुताराला मी विचारलं, ही कुणी लावली?

"अण्णांनी. भट्टी जळली तर नवी घेऊ म्हणत्यात. ही खोली जळली तर घरी जावा."

काकांनी वहीत शून्य खोडलं.

*

पद्मक्का आल्या त्या दिवशी मात्र मलाच अवघड गेलं. अण्णा कंपनीतून कारकुनाएवढा पगार घेत. त्यामुळं नफा फुगलेला दिसे. त्यांच्या जागी बाहेरचा मॅनेजर ठेवला तर काय द्यावं लागेल, ते नफ्यातून वजा करणं भाग होतं. म्हणजे पद्मक्कांचा भाव खाली येणार. मी ते दोनदा समजावून सांगितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. मला वाटलं, आता उठून वकिलाकडे जाणार.

"मग लावा की पगार," त्या म्हणाल्या. "फुकट राबवून घेतल्याचं पैसं मला नकोत. पर हे मी म्हटलं असं त्याला सांगू नका."

*

अहवालाच्या आदल्या दिवशी अण्णांचा फोन आला. भाव काढायला हुबळीला दुसरा माणूस बघून ठेवलाय म्हणाले. मी म्हटलं, जरूर बघा.

"शेखर असता तर एवढं ताणलं नसतं, वैनी. त्याला माणसं कळायची."

"कळायची," मी म्हटलं. "म्हणून तर तो भावंडांच्या फायली घ्यायचा नाही."

*

शेवटच्या बैठकीत मी एका शेअरचा भाव वाचून दाखवला. अण्णांनी मान हलवली. लई हाय, एवढ्याची न्हाय ही कंपनी, हे तीनदा म्हणून झालं. काकांनी पुरवणी उघडून हिशेब दाखवायला सुरुवात केली, तर त्यांनी तीही बंद केली.

पद्मक्का त्यांच्याकडे वळल्या. "अण्णा, बाबांनी आणि चुलत्यांनी शेत कसं वाटून घेतलं?"

"बांध एकानं घातला. बाजू दुसऱ्यानं निवडली."

"मग भाव तू घाल. त्या भावानं माझं द्यायचं का तुझं घ्यायचं, ते मी ठरवते."

"तू कारखाना घेणार?"

"निपाणीत पैसं तयार हायत."

पंख्यानं अहवालाची पानं फडफडत होती. काकांनी त्यावर हात ठेवला. मग अण्णांनी माझं पेन उचललं, आमचा आकडा खोडला आणि खाली आपला लिहिला.

काका वाकून बघायला गेले आणि तसेच थांबले. अण्णांचा आकडा आमच्यापेक्षा मोठा होता.

अण्णांनी कागद बहिणीपुढं सरकवला. पद्मक्कांनी आकड्याकडे बघितलंच नाही.

"दिलं," त्या म्हणाल्या. "सही कुठं करू?"