दुपारची बदली

वडूजला आमच्या आळीत फौजेतनं पेन्शनीवर आलेला एक हवालदार आहे. नाव सांगत नाही, उगा भांडायला यायचा.

माझी बायको अंथरुणाला खिळली तेव्हा पाव्हणेरावळे यायचे, चहा प्यायचे, मला धीर देऊन जायचे. धीरानं घर भरलं, पण मला उंबरा ओलांडता येईना. तिच्यापाशी बसणार कोण? हा एकटा रोज दुपारी यायचा. पहारा बदलायला आल्यागत दारात टाच आपटायचा.

"बदली आली! रिपोर्ट द्या."

"पाणी पाजलंय, कूस वळवलीय," मी सांगायचो.

"आता व्हा भाईर. लगीच तोंड दावू नका."

मी पारावर जाऊन बसायचो. परत येऊन बघावं, तर हा खुर्चीत मान टाकून घोरतोय, मिशा वरखाली होतायत. बायको हळूच म्हणायची, "आवं, तुमी गेला की मीच त्येंची राखण करती." असला पहारेकरी! सरहद्दीवर यानं काय दिवे लावले असतील देव जाणे.

ती गेली. दिवसकार्य उरकलं. मी तिच्या रिकाम्या खाटेपाशीच बसून राहायला लागलो. एका दुपारी दारात टाच वाजली.

"बदली आली!"

"आता कुणाची राखण करतोस रं?" मी खेकसलो.

"ते मी बघतो. तुमी व्हा भाईर."

गेलो. पारावर कसाबसा बसलो आणि परत आलो. हवालदार खाटेकडं तोंड करून ताठ बसला होता. त्या दिवशी मात्र बेटा जागा होता.