तीनशे चौसष्टवरचं शिखर

माजिवड्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत जोविटा परेरा अकरा वर्षं माती-पाण्याचे नमुने तपासते. नमुन्यातून निघणारे गॅमा किरण डिटेक्टर मोजतो, संगणकावर आलेख उमटतो आणि कुठलं शिखर कुठल्या द्रव्याचं, ते सॉफ्टवेअर सांगतं.

त्या मंगळवारी आंबिवलीच्या शेतातली माती डिटेक्टरला लावलेली. तीनशे चौसष्टच्या खुणेवर एक शिखर वर आलं आणि शेजारी नाव उमटलं: आयोडीन-१३१. हे द्रव्य मातीत आपोआप नसतं. कुठे अणुभट्टीतून काही गळलं असेल तरच. जोविटाची बहीण अ‍ॅग्नेस आंबिवलीतच राहते, दोन मुलं घेऊन. जोविटाने फोन उचलला आणि खाली ठेवला. खोटं निघालं तर गावभर घबराट. खरं निघालं तर प्रत्येक मिनिट महाग.

आधी तिने मोजणी तपासली. मातीत नेहमीच असणाऱ्या पोटॅशियमचं शिखर जागच्या जागी होतं, म्हणजे यंत्र चुकत नव्हतं. मग माती काढून डिटेक्टर रिकामाच चालवला. तीनशे चौसष्ट तसंच उभं. म्हणजे जे काही होतं, ते मातीत नव्हतं, या खोलीत होतं.

जेवणाच्या सुट्टीत शिखर वाढायचं थांबलं. दोन वाजता, सकाळपासून इथेच आवराआवर करणाऱ्या सफाईवाल्या मंजुळाताई जेवून फरशी पुसायला परत आल्या आणि ते जोविटाच्या डोळ्यांदेखत पुन्हा चढू लागलं. हेच आयोडीन थायरॉइडच्या रुग्णांना औषध म्हणूनही देतात, हे तिला आठवलं.

"ताई, तुम्हाला थायरॉइडसाठी हॉस्पिटलात ठेवून औषध दिलं होतं का?"

मंजुळाताईंनी आधी दाराकडे पाहिलं. "कोणाला सांगू नका मॅडम. काढून टाकतील."

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, मग ते औषध दिलेलं. शनिवारी घरी सोडताना काही दिवस लोकांपासून लांब राहायला बजावलेलं. पण रजा संपलेली. ऐकता ऐकता जोविटा नकळत दोन पावलं मागे सरली. मंजुळाताईंच्या ते लक्षात आलं.

"घरी लहान मूल आहे?" जोविटाने विचारलं.

"नात आहे, दीड वर्षाची. माझ्या कुशीतच झोपते."

जोविटाने तिथूनच हॉस्पिटलच्या किरणसुरक्षा विभागाला फोन लावला. संध्याकाळी सून बाळाला घेऊन ठाकुर्लीहून हॉस्पिटलात आली. इवल्या गळ्यासमोर यंत्र धरलं, तेव्हा मंजुळाताई बाहेर भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. आत जायची हिंमत होईना. आकडा अगदी कमी आला. काळजीचं कारण नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. नात दोन आठवडे मावशीकडे गेली.

जोविटाने साहेबांशी बोलून रजा मिळवून दिली, आजाराचं नाव न घेता. रजेवरून परतल्यावर मंजुळाताई बादली घेऊन दारातच थांबल्या. "येऊ का आत?" त्यांनी विचारलं. जोविटा उठून त्यांच्याजवळ गेली.