घरगुती अडचणींमुळे

हेमाने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि ती खुर्चीत टेकली. आज प्रोबेशनचे सहा महिने संपत होते. एचआरच्या सृष्टीने बोलावलं म्हणजे कायम झाल्याचं पत्र, असंच ती धरून चालली होती. सकाळी कसब्यात घराजवळच पेढे घेतले होते. एक पुडा घरी ठेवून आली, एक इथला.

सृष्टीने पुड्याकडे पाहिलंच नाही. कागद पुढे सरकवून म्हणाली, "मॅम, इथे साइन करा. उद्यापासून यायला नको."

कागदावर इंग्रजीत हेमाच्याच नावाने राजीनामा टाइप केलेला होता. घरगुती अडचणींमुळे मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं.

मूल लहान असताना नोकरी झेपेल का, असं मुलाखतीतच विचारलं होतं. तेव्हापासून तिने ऑफिसात घराचं नाव काढलं नव्हतं. अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं कॉम्प्युटरवर चढवत मान मोडून बसायची. भाऊबीजेलाही गेली नाही. श्रावणात लेकीला, ओवीला, टायफॉईड झाला तेव्हा सासूबाई पट्ट्या ठेवत बसल्या आणि ही ऑफिसला यायला वारज्याच्या बसमध्ये उभी. प्रोबेशनमध्ये रजा नको, म्हणून.

"माझ्या कामात काय चुकलं?"

"प्रोबेशनमध्ये रीझन द्यावंच लागतं असं नाही, मॅम."

"दिलंय की तुम्ही. माझ्या घरचं दिलंय."

सृष्टीने मान खाली घातली. "रिझाइन केलंत तर एक्स्पीरियन्स लेटर मिळेल. तुमच्यासाठीच बरं."

"मी सोडत नाहीये. तुम्ही काढताय. तसं लिहा, पत्र मिळालं म्हणून मी सही करते."

"रेकॉर्ड खराब होईल, मॅम. पुढे कुठे जॉब मिळणार नाही."

हेमाने पेनाला हात लावला नाही. "होऊ दे. पण हे माझ्या लेकीच्या माथी नका मारू."

सृष्टी कागद उचलून साहेबांच्या केबिनकडे गेली. जाताना म्हणाली, "बाहेर थांबा."

हेमा पुडा मांडीवर घेऊन बाहेर बसली. मोबाइल वाजला. सासूबाई होत्या.

"अगं, वाटू का पेढे? शेजारच्या वासंतीबाई दोनदा डोकावून गेल्या. त्यांना तुझ्यापेक्षा घाई."

"थांबा जरा, आई," हेमा केबिनच्या बंद दाराकडे बघत म्हणाली. "अजून लिहितायत."